सौंदर्योपचार : खेळाडूंनी जरा जपून!

मैदानावर तासन्‌तास घालवणाऱ्या शरीराला ऊन, घाम, धूळ आणि तरणतलावातील क्लोरिन यांचा मारा सोसावा लागतो. धावपटूंचा चेहरा रापतो, जलतरणपटूंचे केस कोरडे पडतात, हेल्मेटच्या पट्ट्याखाली मुरमे येतात. त्यामुळे लेझर, केमिकल पील, बोटॉक्स किंवा केशरोपण यांकडे खेळाडू आणि नियमित व्यायाम करणारे वळले, तर त्यात नवल नाही. मात्र, त्यांना दोन प्रश्नांचा विचार इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे करावा लागतो. उपचार कधी घ्यायचा आणि त्यात औषध कोणते वापरले जाणार? पहिल्याचे उत्तर चुकले, तर सरावाचे काही दिवस वाया जातात. दुसऱ्याचे चुकले, तर कारकीर्द पणाला लागते.

वेळेचे गणित

बोटॉक्सचे इंजेक्शन घेतल्यावर साधारणपणे एक दिवस जोरकस व्यायाम टाळण्यास सांगितले जाते. लेझरने केस काढल्यावर त्वचा हळवी होते. त्यामुळे एक-दोन दिवस घाम आणि क्लोरिनयुक्त पाणी, तर काही आठवडे कडक ऊन टाळणे हिताचे असते. केमिकल पीलनंतर उन्हात सराव केल्यास काळे डाग पडण्याची भीती असते. आपल्याकडील सावळ्या त्वचेत हा धोका अधिक असतो. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर कबड्डी, मुष्टियुद्ध यांसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांपासून अनेक आठवडे दूर राहावे लागते. म्हणूनच असे उपचार स्पर्धांचा हंगाम संपल्यावर घेणे श्रेयस्कर.

टकलावरील गोळी

औषधांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. केस गळू नयेत म्हणून घेतल्या जाणाऱ्या फिनास्टेराइड या औषधाचा २००५ मध्ये निषिद्ध यादीत समावेश झाला. इतर उत्तेजकांचा माग ते झाकू शकते, हे त्यामागचे कारण होते. अमेरिकेचा स्केलेटन खेळाडू झॅक लुंड हे औषध केसांसाठी घेत होता. २००६ च्या तुरिन हिवाळी ऑलिम्पिकमधून त्याला ऐनवेळी परतावे लागले. त्याचा हेतू फसवणुकीचा नव्हता, हे क्रीडा लवादाने मान्य केले; तरीही एक वर्षाची बंदी टळली नाही. २००९ मध्ये हे औषध यादीतून वगळण्यात आले, पण लुंडची हुकलेली संधी परत आली नाही.

नॉर्वेची स्कीपटू थेरेसे योहाउग हिने २०१६ मध्ये उन्हाने पोळलेल्या ओठांना संघाच्या डॉक्टरांनी दिलेले मलम लावले. त्यात क्लोस्टेबोल हे स्टेरॉइड होते आणि मलमाच्या वेष्टनावर तसा इशाराही छापलेला होता. तिच्यावर अखेर १८ महिन्यांची बंदी आली आणि २०१८ चे हिवाळी ऑलिम्पिक हुकले. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, हे या नियमांचे मूळ सूत्र आहे. 'डॉक्टरांनी दिले' हा बचाव तेथे पुरेसा ठरत नाही.

सलाइनचा मोह

आजही काही नेहमीची औषधे अडचणीची ठरू शकतात. महिलांच्या मुरमांसाठी व केसगळतीसाठी दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन हे मूत्रल औषध खेळाडूंना कायम निषिद्ध आहे. उंच वाढलेला व्रण, म्हणजे केलॉइड, सपाट करण्यासाठी त्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. २०२२ पासून स्पर्धाकाळात अशा इंजेक्शनांनाही बंदी आहे. त्वचेवर लावायच्या त्याच गटातील मलमांना मात्र मुभा आहे. बोटॉक्सही निषिद्ध यादीत नाही.

त्वचा उजळण्यासाठी ग्लुटाथिओन किंवा जीवनसत्त्वांचे सलाइन घेण्याची टूम शहरांत पसरली आहे. येथे द्रव्य निर्दोष असले, तरी पद्धत नडू शकते. १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा अधिक द्रव शिरेतून घेणे निषिद्ध आहे. रुग्णालयातील उपचार, शस्त्रक्रिया आणि निदानाच्या तपासण्या एवढाच त्याला अपवाद. ऑलिम्पिकची १२ पदके जिंकणारा अमेरिकी जलतरणपटू रायन लॉक्टी याने २०१८ मध्ये जीवनसत्त्वांचे सलाइन घेतानाचे स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यात निषिद्ध द्रव्य नव्हते, तरीही त्याला १४ महिन्यांची बंदी सोसावी लागली.

आधी विचारा

केवळ आरोग्यासाठी धावणाऱ्या वा पोहणाऱ्यांना या चाचण्यांना सहसा सामोरे जावे लागत नाही. त्यांनी वेळेचे पथ्य पाळले तरी पुरे. मात्र, अधिकृत स्पर्धांत उतरणाऱ्यांनी, विशेषतः होतकरू खेळाडूंनी आणि त्यांच्या पालकांनी, आपण खेळाडू असल्याचे त्वचारोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगावे. औषधाच्या नावाबरोबर त्यातील घटकही लिहून घ्यावेत. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेची (वाडा) सुधारित यादी दरवर्षी १ जानेवारीला लागू होते. त्यामुळे गतवर्षी चाललेले औषध यंदा चालेलच असे नाही. वैद्यकीय कारणासाठी निषिद्ध औषध अटळ असेल, तर राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेकडे (नाडा) रीतसर परवानगीसाठी अर्ज करता येतो. निव्वळ रूप खुलवण्यासाठी ती मिळण्याची आशा मात्र धरू नये.