रकाना कोणी आखला?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या समाजमंदिरात वधू-वर परिचय मेळावा झाला. आमची वीस-बावीस वर्षे कारकुनीत गेलेली, अक्षरही बरे, म्हणून कार्यकर्त्यांनी फॉर्म भरून घेण्याच्या टेबलावर आम्हालाच बसवले. सकाळपासून रांग होती. दुपारच्या सुमारास सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक काका मुलीला घेऊन आले. मुलगी नर्स. रात्रपाळी संपवून तशीच आलेली. नाव, शिक्षण, नोकरी लिहून झाले आणि पेन 'वर्ण' या रकान्यावर आले. काका टेबलावर वाकून हळूच म्हणाले, "भाऊ, निमगोरा लिहा."

मुलगी म्हणाली, "पप्पा, मी इथंच उभी आहे."

काकांनी तिच्याकडे पाहिले नाही. आम्हीही पाहिले नाही. आम्ही 'निमगोरा' लिहिले आणि पुढचा फॉर्म ओढला.

संध्याकाळी गठ्ठे बांधताना मात्र हात थांबला. मुलींच्या फॉर्मवर 'वर्ण' आणि 'गृहकृत्यांची आवड' असे दोन रकाने होते. मुलांच्या फॉर्मवर ते नव्हते. तिथे 'मासिक उत्पन्न' आणि 'स्वतःचे घर आहे काय?' असे विचारले होते. हे फॉर्म छापून आणले कोणी? आम्हीच. मागच्या वर्षीचा नमुना छापखान्यात दिला, वाचलासुद्धा नाही. आणि दिवसभरात एकाही माणसाला त्यात काही खटकले नाही.

का खटकले नाही? कारण हेच रकाने आपण रोज रात्री जेवताना पाहतो. टीव्हीवर.

गोरेपणाचे वेड टीव्हीने जन्माला घातले असे आम्ही म्हणत नाही. ते जुने आहे. पण जुन्या रोगाचा धंदा कसा करावा हे जाहिरातवाल्यांनी दाखवून दिले. 'फेअर अँड लव्हली' ही क्रीम भारतात १९७५ मध्ये आली. तिच्या जाहिरातींची गोष्ट ठरलेली असे. मुलगी सावळी, म्हणून उदास. स्थळ येत नाही किंवा नोकरी मिळत नाही. मग ट्यूब येते, चेहरा उजळतो आणि नशीबही उजळते. एका जाहिरातीत तुटपुंज्या पेन्शनवर जगणारा बाप आपल्याला मुलगा असता तर बरे झाले असते, असे म्हणतो. मुलगी क्रीम लावते, गोरी होते आणि विमानात हवाई सुंदरीची नोकरी मिळवते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध मोहीम उघडली, सरकारकडे तक्रारी केल्या आणि २००३ मध्ये वादग्रस्त जाहिराती मागे घ्याव्या लागल्या.

ही जाहिरात नीट पाहिली पाहिजे. मुलगी कमावती होते, बापाला आधार देते, हे वरवर किती चांगले दिसते! पण तिच्या शिक्षणाचे काय, मेहनतीचे काय? त्याला तिथे रकानाच नाही. मेळाव्यातल्या त्या मुलीने रात्रभर जागून रोगी सांभाळले होते आणि आम्ही तिला काय विचारले? वर्ण!

पुढे धंदेवाल्यांनी पुरुषांनाही सोडले नाही. २००५ मध्ये पुरुषांसाठी वेगळी गोरेपणाची क्रीम बाजारात आली. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने नियम केला की काळ्यासावळ्या माणसाला दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवू नये. २०२० मध्ये जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठला, तेव्हा क्रीमचे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. नाव बदलले, ट्यूब तशीच राहिली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका भारतीय वंशाच्या स्त्रीने सह्यांची मोहीम चालवली आणि 'शादी डॉट कॉम' या लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळाला त्वचेच्या रंगावरून स्थळ निवडण्याची सोय काढून टाकावी लागली. संगणकावरचा रकाना पुसला गेला. आमच्या सायक्लोस्टाइल वळणाच्या फॉर्मवर तो अजून ठाण मांडून होता.

आता दुसरा रकाना, गृहकृत्यांचा. ज्यांनी ऐंशीच्या दशकात शेजाऱ्याच्या घरी दाटीवाटीने बसून दूरदर्शन पाहिले, त्यांना सर्फच्या जाहिरातीतली ललिताजी आठवत असेल. निळ्या काठाची पांढरी साडी, ठाम आवाज. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक सांगणारी ती बाई कोणाचे ऐकून घेणारी नव्हती. हुशार होती, हिशेबी होती. पण तिची सगळी हुशारी कुठे खर्च होत होती? नवऱ्या-मुलाच्या कपड्यांवरचे डाग काढण्यात.

ललिताजीचे काम करणाऱ्या अभिनेत्रीचे नाव कविता चौधरी. याच बाईंनी १९८९ मध्ये दूरदर्शनवर 'उडान' ही मालिका आणली. लेखन त्यांचे, दिग्दर्शन त्यांचे आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच. अन्यायाशी झगडत पोलीस अधिकारी होणाऱ्या मुलीची ती कथा त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या जीवनावरून घेतलेली होती. कांचनताई २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. देशात या पदावर पोचलेल्या त्या पहिल्या महिला.

म्हणजे पाहा, चेहरा एकच, पडदाही एकच. एकदा त्या चेहऱ्याच्या हाती साबणाची पावडर दिली, एकदा अंगावर खाकी वर्दी चढवली. बाई तीच होती. लिहिणारा हात बदलला तशी तिची गोष्ट बदलली. बाईपण जन्मतः कपाळावर लिहून येत नाही, कोणीतरी ते लिहीत असते, याचा याहून सोपा दाखला आम्हाला ठाऊक नाही.

दुर्दैवाने २००० नंतर वर्दीवालीपेक्षा भरजरी साडीवालीच पुढे गेली. सासू-सुनांच्या मालिकांचा पूर आला. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००० ते २००८ अशी आठ वर्षे चालली आणि २०२५ मध्ये नव्या रूपात परत आली. अशा मालिकांतल्या मोठाल्या घरांतून बाया दिवसभर दागिने घालून वावरतात. त्यांना कामावर जाण्याची घाई म्हणून नसते.

आणि आपल्या बाया? आपल्या आज्यांनी गिरणीत साचे सांभाळले, बांधकामावर घमेली वाहिली, दुसऱ्याच्या शेतात निंदणी केली. आपल्या आयाबहिणी रस्ते झाडतात, दवाखान्यात, कारखान्यात, लोकांच्या घरी राबतात. ही कष्टकरी बाई टीव्हीवर दिसलीच तर मालकिणीच्या मागे फडके घेऊन उभी असते. तिला नाव नसते, घर नसते, मत नसते. मग चार पैसे हाती आले की आपल्यातलाच एखादा ऐटीत सांगतो, "आता मिसेसला नोकरी सोडायला लावली, गरज काय?" ही ऐट कुठून आली? पडद्यावरच्या हवेलीतून आली. कमावती बाई ही आपल्या घराची ताकद होती, तिची आता आपल्याला लाज वाटू लागली आहे. आमच्या मते हे नुकसान क्रीमच्या ट्यूबपेक्षा मोठे आहे.

हे केवळ आमच्या मनाचे खेळ नाहीत. युनिसेफ आणि गीना डेव्हिस इन्स्टिट्यूट यांनी २०१९ सालच्या हजारावर भारतीय जाहिराती तपासून २०२१ मध्ये अहवाल दिला. जाहिरातींत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त वेळ दिसतात आणि जास्त बोलतातही. पण दिसतात कशासाठी? बव्हंशी साफसफाई, खाणेपिणे आणि सौंदर्याचा माल विकण्यासाठी. त्यातल्या दोन तृतीयांश स्त्रिया उजळ रंगाच्या होत्या. पुरुषांत हे प्रमाण निम्म्याच्या थोडे वर होते.

याच्या शेजारी सरकारी आकडे ठेवा. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणारी स्त्री दिवसाला २८९ मिनिटे त्यात घालवते. घरकामाला हात लावणारा पुरुष घालवतो ८८ मिनिटे. म्हणजे पडद्यावर जे दाखवतात तेच घरात चालते आणि घरात चालते म्हणून पडद्यावर दाखवतात. हे चाक थांबवायचे कोणी?

कायदा आहे. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध १९८६ चा कायदा आहे, पण त्याची नजर मुख्यतः उघड्या अंगावर. १९९४ च्या केबल टीव्ही नियमांनी एक पाऊल पुढे टाकले. कुटुंबात आणि समाजात स्त्रीने दुय्यम राहावे, सोशिक राहावे, याला उत्तेजन देणारी जाहिरात नको, असे ते नियम सांगतात. कागदावर किती सुंदर! पण अंगभर पदर घेतलेली, सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारी सून कोणाला आक्षेपार्ह वाटत नाही. तक्रार करणारा जागा नसेल तर नियम फायलीतच झोपतो. जाहिरात मानक परिषदेकडे कोणीही साधा माणूस फुकट तक्रार करू शकतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पण पहिली तक्रार आम्हाला आमच्याच विरुद्ध करायची होती. मेळाव्याच्या हिशेबाच्या बैठकीत आम्ही दोन्ही रकान्यांचा विषय काढला. एक ज्येष्ठ म्हणाले, "भाऊ, रकाना काढला म्हणून लोक विचारायचे थांबतील काय?" त्यांचे खरे होते. आम्ही म्हणालो, "विचारणारे विचारोत. पण समाजाच्या नावाने छापून आपण का विचारायचे?" बराच वाद झाला. महिला मंडळाच्या भगिनी ठाम राहिल्या आणि 'वर्ण' कायमचा गेला. 'गृहकृत्यांची आवड' काढायला मात्र कोणी तयार होईना. तेव्हा एक ताई म्हणाल्या, "राहू द्या की. मुलांच्या फॉर्मवर पण छापा." सभेत हशा पिकला, पण ठराव मंजूर झाला.

नव्या फॉर्मचा नमुना आम्ही घरी आणला. आमच्या मुलाने तो वाचला आणि विचारले, "पप्पा, तुमचा फॉर्म भरायचा तर या रकान्यात काय लिहायचं?" आम्ही म्हणालो, "चहा." आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "तोसुद्धा उतू जातो म्हणून लिहा!"

त्या दिवसापासून आमच्या घरी जाहिराती लागल्या की एक प्रश्न विचारायचा नेम आहे: यात काम कोण करतेय आणि आयते बसलेय कोण? पोरे आता आमच्या आधी उत्तर देतात. कधी कधी पडद्याकडे न पाहता आमच्याकडे बोट दाखवतात. तेव्हा आम्ही निमूट उठतो आणि आपले ताट आपण उचलतो.

त्या नर्स मुलीचा फॉर्म अजून फायलीत आहे. 'निमगोरा' या शब्दावर आम्ही रेघ मारली आहे आणि समासात आमची सही केली आहे. कार्यालयात चूक दुरुस्त करायची रीत तीच असते.