देणगीला मुदत हवी

गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी १९४० सालची. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत इंग्रजांनी ती बांधली. आता तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे आणि २०२२ पासून मधूनमधून प्रवासी विमानंही ये-जा करू लागली आहेत. मोबाइलला मात्र धावपट्टी लागत नाही. आफ्रिकेतल्या नाहीतर नेपाळातल्या अनाथाश्रमाचं अर्धवट बांधकाम, पुढे उभी केलेली मुलं आणि खाली पैसे पाठवायचा चौकोन, असं आवाहन आज गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर बसून वाचता येतं. शे-दोनशे रुपये देऊन परदेशात चार भिंती उभ्या करण्याचं समाधान सहज मिळतं.

सव्वाशे वर्षांपूर्वी चित्र उलट होतं. मदत मागणारी मुलं आपली होती आणि देणारे समुद्रापलीकडे होते.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळून निघाला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा मध्य प्रांतात. (गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी.) या प्रांतात पंडिता रमाबाई आल्या आणि निराधार मुली, बालविधवा यांना सोबत घेऊन पुण्याकडे गेल्या. रमाबाईंना दुष्काळ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचे आई-वडील आणि बहीण उपासमारीनेच गेले होते. पण या मुलींना न्यायचं कुठे, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, ही गोष्ट मला त्यांच्या कळवळ्याइतकीच मोलाची वाटते. ते उत्तर दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत तयार व्हायला लागलं होतं.

आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १८८७ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि हातोहात खपलं. गावोगाव व्याख्यानं झाली. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टनला ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे नामांकित लेखक आणि धर्मोपदेशक तिचे अध्यक्ष. खरं काम केलं ते ‘रमाबाई सर्कल’ नावाच्या छोट्या मंडळांनी. शहराशहरांतल्या बायका जमायच्या, ठरलेली वर्गणी गोळा करायच्या, हिशेब बोस्टनला कळवायच्या. त्यांतल्या बहुतेकींनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता, पुढेही पाहिला नाही. पत्रं आणि छापील अहवाल यांवरच सगळी मंडळी एकत्र बांधलेली होती. आजच्या फोनवरच्या गटाचंच हे जुनं रूप. फक्त टपाल जरा सावकाश यायचं.

एक मोठा फरक मात्र होता. या मंडळींनी वचन दिलं होतं ते दहा वर्षांचं. इमारतीसाठी एकदाच पैसे पाठवून मोकळं व्हायचं नाही, तर घर चालवायला दरवर्षी रक्कम द्यायची. अनाथाश्रम काढणाऱ्या कुणालाही विचारा. भिंती एकदा बांधल्या की झाल्या. धान्य, औषधं, शिक्षिकांचे पगार, स्वयंपाकीणबाईंचा पगार, हे दर महिन्याला समोर उभं राहतं आणि नेमक्या याच खर्चाला देणगीदार मिळत नाही, कारण पगाराच्या पावतीवर नावाची फरशी बसवता येत नाही.

याच पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत रमाबाईंचं शारदा सदन, बालविधवांसाठीची निवासी शाळा, उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई या बालविधवा होत्या. पुढे महर्षी कर्व्यांशी लग्न होऊन त्याच आनंदीबाई कर्वे झाल्या.

परक्या पैशाबरोबर परक्या अटी येतात, हेही लवकरच दिसलं. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहावी, असं ठरलं होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर ही सल्लागार मंडळी बाजूला झाली. पालकांनी मुली काढून नेल्या. अमेरिकेतल्या संस्थेने मात्र मदत थांबवली नाही. वचनाची मुदत अजून पुरी व्हायची होती. रमाबाईंची बाजू घ्या अथवा टीकाकारांची, ठरलेली मुदत नसती तर त्या वर्षीच घराला कुलूप लागलं असतं, असं मला वाटतं.

मुदतीचा दुसरा फायदा असा, की ती कधी संपणार हे आधीच ठाऊक असतं. १८९८ नंतर काय, या विचाराने रमाबाईंनी पुण्याजवळ केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर संस्था चालवायची, हा बेत होता. बागेला फळं धरण्याआधी दुष्काळ आला आणि मध्य प्रांतातल्या मुली याच जमिनीवर राहायला आल्या. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तिथली वस्ती दीड हजारांच्या घरात गेली.

परदेशातून मदत उभी करण्याचा हा धडा महाराष्ट्राने पुढेही गिरवला. आनंदीबाई कर्वे यांच्या बहीण पार्वतीबाई आठवले महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या. इंग्रजी बेताचंच. लोकांच्या घरी कामं करत त्यांनी दिवस काढले आणि आश्रमासाठी पैसे जमवले. महर्षी कर्वे १९३० च्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत झोळी घेऊन फिरले. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या मराठी माणसांनी महाराष्ट्र फाउंडेशन काढलं, तेही याच वाटेवरचं.

आता देणाऱ्याच्या जागी आपण आहोत, तर थोडं व्यवहाराचं. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही. परदेशातून इथे येणाऱ्या पैशाला परकीय योगदान कायदा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच जमा व्हावा लागतो आणि प्रशासनावर त्यातला २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. बालगृहाला २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कंबोडियासारख्या देशांत पाहणी झाली तेव्हा अनाथाश्रमांतल्या बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं. मुलं गरिबीमुळे तिथे आली होती. परदेशी पाहुणे आणि त्यांचे पैसे वाढले तसे आश्रमही वाढले. आपला कायदाही संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. रमाबाईंच्या काळात अख्खी कुटुंबंच भुकेने संपत होती, तेव्हा आश्रमाला तोड नव्हती. आज एकट्या आईला महिन्याला थोडा हातभार मिळाला तर मूल घरीच राहतं. महाराष्ट्रात त्यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये आहे.

म्हणून पुढच्या वेळी असं आवाहन फोनवर आलं, तर आधी तीन प्रश्न विचारा: मुलांचे आई-वडील कुठे आहेत, दर महिन्याचा खर्च कोण देतं आणि तो किती वर्षं देणार आहे? उत्तरं पटली तर जरूर द्या, पण एकदाच देऊ नका, दरवर्षी द्या. आणि तुमच्याच गावात वडील गेलेलं एखादं लेकरू असेल, तर त्याच्या आईला घेऊन जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जा आणि तिचा बालसंगोपनाचा अर्ज भरून द्या.