पंचमहाभूतांच्या सोंगट्या : खेळ सोपा, नियम समतोलाचा

चिमूर - पाणी आगीला विझवते, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. पण पाण्याला कोण हरवते? आणि त्याला हरवणाऱ्याला कोण? या प्रश्नांच्या साखळीतून सोंगट्यांचे काही सोपे खेळ तयार होतात. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. जाड पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे पुरतात. कवेलूच्या घरांच्या गावात फुटक्या कवेलूच्या ठिकऱ्याही चालतात. मात्र त्यांच्या कडा दगडावर घासून बोथट करून घ्याव्यात.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पंचमहाभूते ही केवळ पोथीतील कल्पना नाही. चिमूर तालुका ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत वणव्याची धास्ती असते. दुपारी ऊन आणि सायंकाळी वाघाचे भय, त्यामुळे जंगलालगतच्या गावांत सुटीतील मुलांचा बराच वेळ घरातच जातो. ओसरीवर बसून खेळता येणारा खेळ अशा वेळी उपयोगी पडतो. राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू केलेले 'माझी वसुंधरा' अभियानही भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांवरच बेतलेले आहे. त्यामुळे ही पाच नावे शाळकरी मुलांना अपरिचित राहिलेली नाहीत.

पाचच का?

कोणतेही एक तत्त्व सर्वांत बलवान ठरले, तर खेळात राम उरत नाही. ज्याच्या हाती ती सोंगटी, तोच जिंकणार. दगड-कागद-कात्री या खेळात तिघांपैकी प्रत्येक जण एकाला हरवतो आणि एकाकडून हरतो. चार तत्त्वे घेतली, तर हा तोल साधत नाही. कारण प्रत्येकाला तीन प्रतिस्पर्धी मिळतात आणि तीनाचे दोन समान भाग होत नाहीत. पाच तत्त्वांत मात्र प्रत्येकाला चार प्रतिस्पर्धी असतात. दोघांवर मात, दोघांकडून हार, असा चोख हिशेब जमतो. चिनी परंपरेतील लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी हीसुद्धा पाचच तत्त्वे आहेत. तेथेही पाणी आगीला विझवते, आग धातूला वितळवते, धातू लाकडाला कापतो, लाकूड मातीला भेदते आणि माती पाण्याला अडवते.

खेळ पहिला : मात

दोन खेळाडूंनी प्रत्येकी पाच सोंगट्या घ्याव्यात. प्रत्येक तत्त्वाची एक. दोघांनी एकेक सोंगटी पालथी ठेवून एकाच वेळी उघडावी. जिंकणाऱ्याने दोन्ही सोंगट्या उचलून बाजूला ठेवाव्यात. सारखेच तत्त्व निघाल्यास दोन्ही बाद. वापरलेली सोंगटी पुन्हा खेळता येत नाही. पाच फेऱ्यांनंतर ज्याच्याकडे जास्त सोंगट्या, तो विजयी. कोण कोणावर मात करतो, ते असे :

पाणी - अग्नीला विझवते, पृथ्वीची धूप करते.
पृथ्वी - अग्नीला मातीखाली गाडते, वायूला डोंगराने अडवते.
अग्नी - वायूला जाळण्यासाठी वापरून संपवतो, आकाशाला धुराने झाकतो.
वायू - पाण्याला सुकवतो, आकाशाला धुळीने भरून टाकतो.
आकाश - पाण्याला वाफ करून वर ओढते, पृथ्वीला आपल्यात सामावते.

ही यादी भिंतीवर लावून ठेवावी. एक-दोन डावांत ती पाठ होते. खरा खेळ असतो तो समोरच्याने काय वापरले आणि त्याच्या हाती काय उरले, हे लक्षात ठेवण्याचा.

जंगलालगतची मुले या यादीवर एक हरकत नक्की घेतील. वारा आगीला भडकवतो, मग आग वाऱ्याला हरवते कशी? हरकत रास्त आहे. वणवा पसरू नये म्हणून वन विभाग जाळरेषा आखतो. म्हणजे ठराविक रुंदीच्या पट्ट्यातील पाला-गवत आधीच काढून किंवा जाळून जमीन मोकळी केली जाते. जळायला काही उरले नाही की आग तेथे थांबते. पृथ्वी अग्नीला हरवते ती अशी. पण वारा जोराचा असला, तर ठिणग्या ही रेषाही ओलांडतात. मोहफुले वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाला पेटवला जातो, त्या लहानशा आगीचा वणवा होतो तो असाच.

म्हणून सराव झाल्यावर एक वाढीव नियम घेता येतो. एखाद्या खेळाडूने एका फेरीत वायू आणि लगेच पुढच्या फेरीत अग्नी टाकला, तर त्याचा अग्नी पृथ्वीवरही मात करतो. पाण्यापुढे मात्र तो हरतोच. समोर वायू दिसताच आपले पाणी राखून ठेवायला हवे, हे मुलांच्या आपोआप ध्यानात येते. ज्याने पाणी आधीच खर्च केले, त्याच्याजवळ अशा वेळी उपाय कमीच उरतात.

खेळ दुसरा : जोडपट

हा खेळ डॉमिनोसारखा आहे. आयताकृती सोंगटीचे दोन भाग करून प्रत्येक भागात एकेक तत्त्व काढावे. पाच तत्त्वांच्या भिन्न जोड्या १० होतात, दोन्हीकडे तेच तत्त्व असलेल्या सोंगट्या ५, एकूण १५. दोघांनी पाच-पाच घ्याव्यात, एक मध्यभागी उघडी मांडावी आणि उरलेल्या चार पालथ्या ठेवाव्यात. आपल्या पाळीला रांगेच्या कोणत्याही टोकाला तेच तत्त्व जुळवून सोंगटी लावायची. जुळत नसेल तर साठ्यातील एक घ्यायची. ती जुळली तर लगेच लावायची, नाही तर पाळी सोडायची. साठा संपल्यावर न जुळल्यास नुसती पाळी सोडायची. ज्याच्या सोंगट्या आधी संपतील तो जिंकला. दोघेही अडले, तर हातातील गुण मोजावेत. कमी गुणांचा विजय.

गुणांचा हिशेब भारतीय तत्त्वविचारात तयारच आहे. तैत्तिरीय उपनिषदात आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून पाणी आणि पाण्यापासून पृथ्वी असा उत्पत्तीचा क्रम आहे. आकाशाचा गुण एकच, शब्द. पुढे प्रत्येक तत्त्वात स्पर्श, रूप, रस, गंध असा एकेक गुण वाढत जातो. म्हणून आकाशाला १, वायूला २, अग्नीला ३, पाण्याला ४ आणि पृथ्वीला ५ गुण द्यावेत. दोन्हीकडे पृथ्वी असलेली सोंगटी १० गुणांची. ती हातात अडकू न देणे, हे या खेळातील शहाणपण.

खेळ तिसरा : शेजार

ग्रीक विचारवंत एम्पिडोक्लिसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात चार मूलतत्त्वे मांडली. पुढे ॲरिस्टॉटलने त्यांना गुणधर्म जोडले. अग्नी उष्ण व कोरडा, वायू उष्ण व ओला, पाणी थंड व ओले, पृथ्वी थंड व कोरडी. अग्नी आणि पाणी यांच्यात एकही धर्म समान नाही. पृथ्वी आणि वायू यांचेही तसेच. एवढ्यावरून नियम तयार होतो : या परस्परविरोधी तत्त्वांचा शेजार चालणार नाही.

चार बाय चारचा पट आखावा. प्रत्येक तत्त्वाच्या चार, अशा १६ सोंगट्या कराव्यात. पाळीपाळीने एकेक सोंगटी रिकाम्या घरात ठेवावी. तिच्या वर, खाली, डावीकडे वा उजवीकडे विरोधी तत्त्व नसावे. तिरका शेजार चालतो. ज्याला सोंगटी ठेवता येणार नाही, तो हरला. पट पूर्ण भरला, तर डाव बरोबरीत.

येथे एक खाच आहे. दोघांना सारख्याच आठ सोंगट्या वाटल्या, तर दुसरा खेळाडू पहिल्याची नुसती नक्कल करू शकतो. पहिल्याने वरच्या डाव्या कोपऱ्यात अग्नी ठेवला, की दुसऱ्याने खालच्या उजव्या कोपऱ्यात अग्नी ठेवायचा. शेवटपर्यंत असे केल्यास दुसरा कधीच हरत नाही. म्हणून सोंगट्या वाटू नयेत. सर्व पालथ्या मिसळून, पाळी आली की एक उचलावी आणि तीच ठेवावी. मग नक्कल चालत नाही.

मुलांनी यात स्वतःची भर घालावी, नियम बदलून पाहावेत. पथ्य एकच : बदल डाव सुरू होण्यापूर्वी सर्वांना मान्य असावा आणि त्याने एखादे तत्त्व अजिंक्य होऊ नये. तसे झालेच, तर कोण कोणावर मात करतो, ती यादी पुन्हा तपासावी. त्या तपासणीत पाणी कशाने आटते, माती कशाने वाहून जाते आणि आग कोठे थांबते, याची उजळणी होते. जंगलाकाठच्या गावांत हे प्रश्न खेळापुरते नसतात.