घरचा संगणक, घरचे इंटरनेट – लेखांक ९ : ‘नेट चालत नाही’ या तक्रारीचा उलगडा

संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडायचे तर चार दुवे एकाच वेळी शाबूत असावे लागतात. संगणक आणि राउटर यांच्यातील जोडणी हा पहिला. राउटरपासून सेवा पुरवठादारापर्यंतची लाइन हा दुसरा. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस, हा तिसरा. आणि ते संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवलेले आहे तो चौथा. यांपैकी कोणताही दुवा निखळला तरी पडद्यावर परिणाम एकच दिसतो : पान उघडत नाही. शिवाजी पेठेतल्या घरात राउटरची पिन सैल झालेली असो, राजारामपुरीत रस्ता खोदताना फायबर तुटलेली असो किंवा पुरवठादाराचा डीएनएस सर्व्हर बंद पडलेला असो, तक्रार एकाच शब्दांत होते. दोष कोणत्या दुव्यात आहे हे ठरवण्याआधी केलेला उपाय वेळ खातो आणि पुष्कळदा नवा बिघाड पदरात टाकतो.

दोष शोधताना दोन नियम पाळावेत. पहिला, तपासणी जवळून दूर जाणारी असावी : आधी घरातले यंत्र, मग लाइन, मग नाव, शेवटी संकेतस्थळ. दुसरा, एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे. तीन बदल एकदम केले आणि नेट सुरू झाले, तर कशाने सुरू झाले हे कळत नाही आणि पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

सुरुवातीलाच दोन प्रश्नांनी शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते. घरातल्या सगळ्या यंत्रांवर अडचण आहे की एकाच संगणकावर? सगळी संकेतस्थळे बंद आहेत की एखादेच? त्याच वायफायवरचा मोबाइल व्यवस्थित चालत असेल तर लाइन निर्दोष आहे आणि दोष संगणकात आहे. ही तुलना करताना मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद ठेवावा, नाहीतर मोबाइल टॉवरवरून चालतो आणि वायफाय चालू असल्याचा भास होतो.

दिवे काय सांगतात

फायबर जोडणीच्या डब्यावर, म्हणजे ओएनटीवर, साधारणपणे ‘पॉवर’, ‘पॉन’ आणि ‘लॉस’ असे दिवे असतात. ‘पॉन’ स्थिर हिरवा असेल तर पुरवठादाराच्या यंत्राशी प्रकाशाची जोडणी झालेली आहे. ‘लॉस’ लाल होऊन लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही : फायबर तुटली आहे, फार वाकली आहे किंवा तिचा जोड सैल आहे. अशा वेळी संगणकावर काहीही करून उपयोग नसतो. डब्यात शिरणारी पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटाच्या फटीत चेपलेली नाही ना, एवढे पाहावे आणि तक्रार नोंदवावी. फायबरच्या टोकाला बोट लावू नये आणि त्यात डोकावूनही पाहू नये. आतला प्रकाश दिसत नसला तरी तो लेझरचा असतो.

कोल्हापुरात या टप्प्यावरचे बिघाड ऋतूंनुसार येतात. वळवाच्या पावसात विजा कडाडतात. दूरध्वनीच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून विजेचा झटका मोडेमपर्यंत येऊ शकतो. काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही, पण डब्याचा ॲडॉप्टर घरच्या वीजजोडणीवरच असतो, त्यामुळे गडगडाट सुरू होताच तो काढून ठेवणे शहाणपणाचे. पावसाळ्यात खांबांवरच्या केबल झाडांच्या फांद्यांखाली तुटतात आणि उघड्या जोडांत पाणी शिरते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांपलीकडे मजल मारली, तेव्हा शहराच्या सखल भागांतला वीजपुरवठाच थांबला होता. लाइनवरची यंत्रे विजेवर चालतात. म्हणून घरात इन्व्हर्टर असला तरी वाटेतल्या चौकातले यंत्र बंद असेल तर नेट मिळत नाही. लाइट गेल्यावर काही वेळाने ‘पॉन’ विझला, तर वाटेतल्या यंत्राची बॅटरी संपली असण्याची शक्यता आधी धरावी.

दिवे ठीक असतील तर रिचार्जची मुदत तपासावी. मुदत संपल्यावर काही पुरवठादार वायफाय आणि दिवे तसेच ठेवून फक्त पुढचा रस्ता बंद करतात, आणि कुठलेही पान मागितले की पैसे भरण्याचे पान पुढे येते किंवा काहीच येत नाही.

संगणक ते राउटर

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक अंतर्गत पत्ता देतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो. हे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत आणि घराबाहेर त्यांना अर्थ नसतो. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून रोमन लिपीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की संगणकाला मिळालेला पत्ता आणि ‘डिफॉल्ट गेटवे’, म्हणजे राउटरचा पत्ता, दिसतो.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर निदान स्पष्ट आहे : राउटरकडून पत्ता मिळाला नाही आणि संगणकाने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. कारण बहुधा वायरची सैल पिन किंवा अडकलेला राउटर असते. राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबावे, चालू करून सगळे दिवे स्थिर होईपर्यंत वाट पाहावी आणि मग संगणक पुन्हा जोडावा.

पत्ता ठीक असूनही जोडणी तुटत राहत असेल तर संशय वायफायवर येतो. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना मोठ्या प्रमाणात अडवतात, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यातल्या त्यात अधिक आत जातात, पण त्यांचा वेग कमी असतो आणि शेजारच्या राउटरांची गर्दी त्याच पट्ट्यात असते. याची खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे संगणक साध्या लॅन वायरने थेट राउटरला जोडणे. वायरवर सुरळीत चालले तर दोष लहरींचा आहे, आणि राउटरची जागा बदलणे हाच उपाय.

राउटरच्या पलीकडे : अंकांची परीक्षा

यापुढची तपासणी ‘पिंग’ या आज्ञेने होते. पिंग दिलेल्या पत्त्यावर छोटा संदेश पाठवते आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवते. प्रथम राउटरच्या पत्त्याला पिंग करावे. उत्तर आले तर घरातला दुवा ठीक आहे. मग ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करावे. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सेवेचा पत्ता आहे आणि तो सहसा पिंगला उत्तर देतो. इथे नाव कुठेच नाही, फक्त अंक आहेत. म्हणून ही परीक्षा निव्वळ लाइनची होते.

राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर अडचण राउटर आणि पुरवठादार यांच्यामध्ये आहे. अनेक जोडण्यांत राउटर पुरवठादाराकडे युजरनेम आणि पासवर्ड पाठवून प्रवेश घेतो, आणि ही माहिती राउटरमध्येच साठवलेली असते. राउटरच्या मागच्या बारीक छिद्रातले ‘रीसेट’चे बटण टाचणीने दाबून धरले की ती पुसली जाते, मग लाइन ठीक असूनही पुरवठादाराचा माणूस येईपर्यंत किंवा ती माहिती फोनवर मिळेपर्यंत नेट मिळत नाही. राउटर बंद करून चालू करणे आणि रीसेट करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युजरनेम आणि पासवर्ड जोडणी घेतानाच मागून वहीत लिहून ठेवावा.

नावावरून पत्ता

८.८.८.८ उत्तर देतो, पण कोणतेही संकेतस्थळ नावाने उघडत नाही, असे झाले तर दोष जवळजवळ निश्चितपणे डीएनएसमध्ये असतो. ही अवस्था घरोघरी फार वेळा येते आणि लाइन चालू असल्यामुळे ती ओळखली जात नाही.

इंटरनेट लहान होते तेव्हा सगळ्या संगणकांची नावे आणि पत्ते एकाच यादीत असत. ती यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी यादी सांभाळणे अशक्य झाले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तिचे मर्म असे की सगळी नावे कोणा एकाकडे नसतात. पुढे कोणाला विचारायचे एवढेच प्रत्येकाला माहीत असते. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलेल्या पाहुण्याला कोणी पेठ सांगतो, पेठेत कोणी गल्ली सांगतो आणि गल्लीत कोणी घर दाखवतो, तसा हा प्रवास आहे.

शिवाजी विद्यापीठाचे संकेतस्थळ ‘युनिशिवाजी डॉट एसी डॉट इन’ या नावाने आहे. ते टाइप केल्यावर संगणक प्रथम स्वतःची साठवण पाहतो, मग राउटरमार्फत पुरवठादाराच्या डीएनएस सर्व्हरला विचारतो. त्यालाही ठाऊक नसेल तर तो मूळ सर्व्हरांकडे जातो. मूळ सर्व्हरांची नावे १३ आहेत, पण त्यांच्या असंख्य प्रती जगभर, भारतातही, ठेवलेल्या आहेत. तिथून ‘डॉट इन’च्या सर्व्हरांचा पत्ता मिळतो. ‘डॉट इन’ची नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते आणि तिच्यातल्या ‘एसी डॉट इन’ या शैक्षणिक विभागाची नावनोंदणी अर्नेट इंडिया करते. शेवटी विद्यापीठाच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर सापडतो आणि अंकी पत्ता हाती येतो. हे सारे डोळ्याची पापणी लवण्याआधी होते, आणि मिळालेले उत्तर ठरावीक काळ साठवले जाते, म्हणजे पुन्हा सगळा प्रवास करावा लागत नाही.

या टप्प्यावरची तपासणी ‘एनएसलुकअप’ या आज्ञेने करावी. आज्ञेपुढे संकेतस्थळाचे नाव लिहिले की नेहमीचा सर्व्हर काय उत्तर देतो ते दिसते. त्याच ओळीत नावानंतर ८.८.८.८ लिहिले तर तोच प्रश्न गूगलच्या सर्व्हरला विचारला जातो. नेहमीचा सर्व्हर गप्प आणि दुसरा उत्तर देतो, तर दोष राउटरमध्ये किंवा पुरवठादाराच्या डीएनएसमध्ये आहे. दोघेही ‘असे नाव अस्तित्वात नाही’ म्हणतात, तर नावाचे स्पेलिंग चुकले आहे किंवा त्या संस्थेच्या नावनोंदणीतच घोळ आहे.

उपायांचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम ‘आयपीकॉन्फिग’पुढे जागा सोडून ‘स्लॅश फ्लशडीएनएस’ लिहून संगणकातली जुनी साठवण पुसावी. मग राउटर बंद करून चालू करावा, कारण पुष्कळ राउटर नावांचे प्रश्न स्वतः पुढे पाठवतात आणि बाकीचे काम चालू असताना तेवढा भाग अडकू शकतो. तरीही सुधारणा नसेल तर नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वरून ‘मॅन्युअल’ करून गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा पत्ता द्यावा. गूगलची सेवा २००९ पासून आणि क्लाउडफ्लेअरची २०१८ पासून सर्वांना खुली आहे. बदल करण्याआधी मूळ सेटिंग लिहून ठेवावी. काही ब्राउझर नावे शोधण्यासाठी स्वतःची वेगळी, सुरक्षित वाट वापरतात. म्हणून ब्राउझर चालतो आणि बाकीचे प्रोग्रॅम चालत नाहीत, किंवा याच्या उलटही घडू शकते.

एकाच संगणकावर एकाच संकेतस्थळाची अडचण असेल तर ‘होस्ट्स’ नावाची फाइल पाहावी. जुन्या एकत्रित यादीचा हा वारसा आजही प्रत्येक संगणकात आहे आणि तिच्यातली नोंद डीएनएसच्या आधी मानली जाते. घातक प्रोग्रॅम तिथे किंवा डीएनएसच्या सेटिंगमध्ये फेरफार करून बँकेच्या नावाखाली भलत्याच सर्व्हरवर नेऊ शकतात. ‘डीएनएसचेंजर’ या प्रोग्रॅमने अशा प्रकारे जगभरातल्या ४० लाखांहून अधिक संगणकांची सेटिंग बदलली होती. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ती टोळी पकडली, पण बाधित संगणकांचे नेट एकदम बंद पडू नये म्हणून त्या सर्व्हरांच्या जागी जुलै २०१२ पर्यंत निर्धोक सर्व्हर चालवावे लागले. अनोळखी डीएनएस पत्ता दिसला तर तो हटवणे, संगणक अँटिव्हायरसने तपासणे आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदलणे ही तिन्ही कामे करावीत.

दोष पलीकडच्या टोकाला असतो तेव्हा

४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतात रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकदम बंद पडले. या तिन्हींच्या मालक कंपनीच्या जाळ्यातल्या चुकीच्या बदलामुळे तिच्या डीएनएस सर्व्हरांकडे जाणारे रस्तेच इंटरनेटवरून नाहीसे झाले होते. सुमारे सहा तास ही नावे जगात कुठेच सापडत नव्हती. अशा वेळी इतर संकेतस्थळे उघडतात का, हे पाहणे पुरेसे. ती उघडत असतील तर घरच्या राउटरला हात लावू नये. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी नाव सापडते, लाइनही चालू असते, पण एकाच वेळी लाखो जण आल्याने सर्व्हर उत्तर देऊ शकत नाही. मंडळाने जाहीर केलेल्या दुसऱ्या संकेतस्थळावर जाणे किंवा थोडे थांबणे हाच तिथला उपाय.

नाव सापडूनही ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा सगळ्याच संकेतस्थळांवर येत असेल तर संगणकाची तारीख पाहावी. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात. तारीख दुरुस्त करून बॅटरी बदलली की अडचण मिटते. व्हीपीएन किंवा प्रॉक्सी चुकून चालू राहिली असेल तर तीही बंद करून पाहावी.

तक्रार नोंदवताना

एवढ्या तपासणीनंतरही लाइन सुरू झाली नाही तर पुरवठादाराला पाच गोष्टी सांगाव्यात : ‘पॉन’ आणि ‘लॉस’ दिव्यांची स्थिती, संगणकाला मिळालेला पत्ता, राउटर आणि ८.८.८.८ यांना केलेल्या पिंगचा निकाल, एनएसलुकअपचे उत्तर आणि बिघाड सुरू झाल्याची वेळ. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. नुसते ‘नेट चालत नाही’ म्हटले की राउटर बंद करून चालू करण्याचा सल्ला मिळतो. ‘लॉस लाल आहे’ म्हटले की फायबर जोडणाऱ्यालाच पाठवावे लागते. ‘आकड्यांना पिंग जाते, नावे सापडत नाहीत’ म्हटले की घरी कोणाला पाठवण्याआधी डीएनएस तपासला जातो. परीक्षेचा अर्ज, पीकविम्याची मुदत किंवा नोकरीची मुलाखत नेटवर अवलंबून असते तेव्हा या एका वाक्याच्या फरकाने आख्खा दिवस वाचतो. त्यासाठी अभियंता असावे लागत नाही, क्रम पाळावा लागतो.