ट्रेडमिलवर चालता चालता विणकाम : हे खरंच जमतं का आणि त्याने फायदा किती होतो?

पायाखाली ट्रेडमिलचा पट्टा फिरतोय आणि हातात मोबाईलऐवजी सुया आणि लोकर. असे व्हिडिओ सोशल मीडियावर अधूनमधून दिसतात. अनेकांना ती लाइक्ससाठी केलेली कसरत वाटते. विणकाम करणाऱ्यांना मात्र वेगळाच प्रश्न पडतो : हे आपल्यालाही जमेल का?

हा प्रश्न नुसता गंमतीचा नाही. विणकाम हा बैठा छंद आहे. एक मफलर पूर्ण व्हायला कित्येक तास लागतात, स्वेटरला तर काही आठवडे. हा सगळा वेळ खुर्चीत किंवा सोफ्यावर जातो. डॉक्टर म्हणतात 'चाला', पण हातातलं काम सोडवत नाही. मग दोन्ही एकत्र केलं तर?

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या बायका पाठीवरच्या टोपलीतून जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, वाहून आणायच्या आणि वाटेत त्यांचं विणकाम चालू असायचं. त्यांच्या कमरेला घोड्याचे केस भरलेला चामड्याचा पट्टा असे. त्याच्या भोकात सुईचं एक टोक खोवलं, की सुईचा भार हातावर येत नसे.

पेरूमधल्या तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर आजही पुरुष विणकाम करतात, तेही अनेकदा चालता चालता. तिथल्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाचा दर्जा दिला. आपल्याकडेही मेंढरांमागे चालताना टकळीवर लोकर कातणारे धनगर माळरानावर दिसत आले आहेत. घोंगडीचं सूत असंच निघायचं.

टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०१३ मध्ये कॅन्सस सिटी मॅरेथॉन धावताना डेव्हिड बॅबकॉक यांनी ३.७० मीटर लांबीचा स्कार्फ विणला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. घरी एवढं धाडस करायची गरज नाही. पण हात आणि पाय एकाच वेळी दोन वेगळी कामं करू शकतात, हे यातून दिसतं.

सलग बसून राहिल्याने काय बिघडतं?

१९५३ मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसलेले, तर कंडक्टर डबलडेकरचे जिने चढत-उतरत असलेले. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी आढळलं. त्यानंतर बैठ्या जीवनशैलीवर असंख्य अभ्यास झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. त्याच सूचनांमध्ये आणखी एक मुद्दा आहे : बसण्याचा वेळ कमी करून त्या जागी कोणतीही हालचाल केली, अगदी हलकी असली, तरी आरोग्याला फायदा होतो. चालता चालता विणण्याचा खरा उपयोग इथे आहे.

मग याला व्यायाम म्हणायचं का?

पूर्ण व्यायाम म्हणता येणार नाही. मध्यम व्यायामाची सोपी खूण अशी : बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. विणकाम करताना इतक्या वेगाने चाललं तर टाके सुटतात आणि तोलही जातो. टाके सांभाळायचे तर वेग ताशी दीड-दोन किलोमीटरच ठेवावा लागतो. म्हणजे अर्ध्या तासात जेमतेम एक किलोमीटर.

त्यामुळे सकाळचं झपझप चालणं बंद करून त्याऐवजी हे करू नये. मालिका बघत सोफ्यावर बसून विणण्याच्या दोन तासांपैकी अर्धा तास पायांवर किंवा पेडलवर घालवणं, एवढाच याचा हिशेब आहे. जेवणानंतरच्या हलक्या चालण्याने रक्तातली साखर कमी वाढते. म्हणून रात्रीच्या जेवणानंतरची वेळ यासाठी चांगली.

कोणतं साधन निवडावं?

सर्वात सुरक्षित म्हणजे पाठीला टेकू असलेली बैठी व्यायाम-सायकल, किंवा खुर्चीसमोर जमिनीवर ठेवायचं छोटं पेडल यंत्र. यात तोल सांभाळावा लागत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. साध्या व्यायाम-सायकलवर हँडल सोडून सरळ बसता येत असेल, तर तीही चालेल.

ट्रेडमिल सर्वात अवघड. हातात सुया असल्या की कठडा धरता येत नाही आणि नजर खाली गेली की पाऊल चुकतं. ज्यांना चक्कर येते, मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली आहे किंवा गुडघ्याचा त्रास आहे, त्यांनी ट्रेडमिलवर हा प्रयोग करू नये. दोन नंबरांचा चष्मा असेल तरीही जपून, कारण खाली बघताना पट्ट्याचं अंतर फसवं वाटतं. यंत्र नसेल, तर मोकळ्या खोलीत जागच्या जागी पावलं टाकत विणता येतं.

काय विणावं?

न बघता जमेल असंच काम घ्यावं. सगळ्या ओळी सुलट टाक्यांच्या असलेला मफलर किंवा चौकोनी तुकडा उत्तम. जाळीची नक्षी, रंग बदलणारे नमुने, मोजून टाके कमी करायचे बाही-गळे बसूनच करावेत. चालताना हाताचा ताण बदलतो, टाके कधी घट्ट तर कधी सैल पडतात. म्हणून मापाचं स्वेटर इथे नको.

क्रोशाचा एक फायदा आहे. सुईवर एकच टाका असतो, त्यामुळे सुई निसटली तरी फारसं उसवत नाही. मात्र सुई कुठे घालायची ते सतत बघावं लागतं. दोन सुयांचं विणकाम स्पर्शाने जमतं, पण सुई निसटली तर अख्खी ओळ हातातून जाते. लवचिक दोरीने जोडलेल्या सुया घेतल्या तर ही भीती कमी होते, शिवाय विणलेल्या भागाचं वजनही मनगटावर येत नाही.

काळजी काय घ्यावी?

लोकरीचा गुंडा जमिनीवर कधीच ठेवू नये. धागा पेडलमध्ये किंवा पट्ट्याखाली अडकू शकतो. कमरेला बांधलेली छोटी पिशवी यासाठी सोयीची. साडी किंवा ओढणी आवरून घ्यावी, पायात बूट असावेत. ट्रेडमिलची सुरक्षा क्लिप कपड्यांना लावावीच. ती ओढली गेली की यंत्र थांबतं. लोखंडी टोकदार सुयांपेक्षा बोथट टोकाच्या बांबूच्या सुया बऱ्या. टाका सुटला, तर आधी यंत्र थांबवावं आणि मगच टाका उचलावा.

सुरुवातीला आठवडाभर नुसतं चालण्याचा किंवा पेडलचा सराव करावा, मग पाच मिनिटं विणकाम जोडावं. दर दहा मिनिटांनी सुया खाली ठेवून मान, खांदे आणि मनगटं सैल करावीत. विणताना हात हलत नाहीत आणि मान वाकते, त्यामुळे पाय मोकळे झाले तरी खांदे आखडू शकतात.

मफलर थोडा उशिरा पूर्ण होईल, एखादी ओळ सैलही येईल. पण तो विणताना सगळा वेळ बसून गेला नाही, हे महत्त्वाचं.