वर्षभराच्या कुत्र्याला किडनीची गाठ होते कशी?

कुत्र्यांमध्ये किडनीतच सुरू होणारा कॅन्सर तसा कमीच आढळतो, आणि आढळला तरी बहुधा वय झालेल्या कुत्र्यांत. मग कालपर्यंत घरभर धुडगूस घालणाऱ्या वर्ष-दीड वर्षाच्या कुत्र्याच्या पोटात मोठी गाठ येते कुठून?

तिचं मूळ जन्माआधीचं असतं. पिल्लू आईच्या पोटात असताना काही खास पेशींपासून त्याची किडनी घडते. किडनी तयार झाली की या पेशींचं काम संपतं. पण कधी कधी त्यातल्या काही अर्धवट अवस्थेतच मागे राहतात आणि पुढे बेसुमार वाढत सुटतात. या गाठीला नेफ्रोब्लास्टोमा म्हणतात. लहान मुलांना होणारा विल्म्स ट्यूमर हा याच जातीचा. जर्मन सर्जन मॅक्स विल्म्स यांनी १८९९ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं, म्हणून हे नाव.

फसगत होते ती रक्ताच्या रिपोर्टमुळे. एक किडनी बिघडली तरी दुसरी काम ओढून नेते. क्रिएटिनिन वाढू लागतं ते साधारण ७५ टक्के क्षमता गेल्यावर. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी पोट फुगलेलं असेल, लघवीतून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर सोनोग्राफी करायलाच हवी. गाठ पसरलेली नसेल आणि दुसरी किडनी धडधाकट असेल, तर गाठीची किडनी काढून टाकता येते. त्याआधी छातीचा एक्स-रे काढतात, कारण ही गाठ फुप्फुसात पसरू शकते.

आणखी विचित्र गोष्ट म्हणजे हीच गाठ कधी किडनीत नसतेच, ती पाठीच्या कण्यात मज्जारज्जूला दाबत बसलेली असते! गर्भात या दोन्ही जागा शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे काही पेशी तिकडे अडकून राहतात असं मानलं जातं. जर्मन शेफर्ड आणि रिट्रिव्हर जातींत, साधारण सहा महिने ते तीन वर्षं वयात ही जास्त दिसते. कुत्रं मागचे पाय ओढू लागतं. घरच्यांना वाटतं, सोफ्यावरून उडी मारताना लचक भरली असेल. साध्या एक्स-रेतही ही गाठ सहसा दिसत नाही, एमआरआय लागतो. पाय पूर्ण लुळे पडण्याआधी ऑपरेशन झालं तर चालणं टिकण्याची आशा जास्त असते.

तोवर दुखणं थांबावं म्हणून घरातली आयबुप्रोफेनची गोळी देऊ नका. कुत्र्यांसाठी ती विषारी आहे, आणि उरलेल्या चांगल्या किडनीलाही निकामी करू शकते.