‘आमच्या माणसावर प्रयोग नकोत’

टू-डी इकोचा रिपोर्ट हातात येतो, ‘हृदयाचं पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलंय’ असं डॉक्टर सांगतात, आणि पुढचं काही नीट ऐकूच येत नाही. त्यातच ‘एक संशोधन चालू आहे, सहभागी व्हाल का?’ असं विचारलं, की उत्तर ठरलेलं : आमच्या माणसावर प्रयोग नकोत. नांदेडहून दिल्लीच्या एम्समध्ये पेशंट घेऊन आलेले असोत की नोएडा-गुरुग्राममध्ये मुरलेले मराठी लोक, सूर तोच. ही भीती खुळी नाही. औषधचाचण्यांतल्या बेपर्वाईविरुद्ध इंदूरचा स्वास्थ्य अधिकार मंच २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि त्यानंतर नियम कडक झाले. भीती घरोघर पोचली. नियम मात्र पोचले नाहीत.

आधी आजाराविषयी. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. ते चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला जमत नाही. म्हणून धाप लागते, पाय सुजतात, रात्री उशाला आणखी एक उशी घ्यावी लागते. ‘यावर इलाज नाही’ हेही खोटं. बीटा ब्लॉकर गोळ्या या आजारात देऊच नयेत, असं एके काळी डॉक्टरांना शिकवत. १९९९ मध्ये त्यांतल्याच बिसोप्रोलॉलने मृत्यू ३४ टक्क्यांनी घटवल्याचं मोठ्या चाचणीत दिसलं. डापाग्लिफ्लोझिन ही तर मधुमेहाची गोळी. २०१९ च्या चाचणीत हार्ट फेल्युअरचे ४,७४४ रुग्ण होते, भारतातलेही. मधुमेह नसलेल्यांनाही तिचा फायदा झाला. पुढच्याच वर्षी पेटंट संपलं आणि आपल्याकडे ती स्वस्तात मिळू लागली.

सर्वांत चिवट गैरसमज प्लासिबोचा. ‘निम्म्या लोकांना साखरेची गोळी देतात, म्हणजे वाऱ्यावरच सोडतात की!’ डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत नेहमीची औषधं दोन्ही गटांना चालूच होती. खरी किंवा खोटी गोळी त्यांच्या जोडीला होती. आणि खोट्या गोळीची गरज काय, हे पाहायचं तर मिलरिनोनची गोष्ट पाहावी. हे औषध हृदयाचं आकुंचन जोरकस करतं. पंप कमजोर आहे ना, मग त्याला जोर द्या. कुणालाही पटेल असा तर्क. गंभीर आजाराच्या १,०८८ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल १९९१ मध्ये आला. मिलरिनोनच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त! तुलनेला दुसरा गट नसता तर ‘आजारच गंभीर होता’ म्हणून ते मृत्यू खपून गेले असते. त्या चाचणीत नशीबवान ठरले ते खोटी गोळी मिळालेले.

‘एकदा सही केली की सुटका नाही’ असं म्हणणाऱ्यांनी सहीचा कागद बहुधा वाचलेलाच नसतो. नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्याचा नेहमीच्या उपचारांवर परिणाम होऊ द्यायचा नसतो. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई वेगळी. संमतीपत्रात वारसाचं नाव आणि नातं लिहायला रकाना असतो. तो पाहून घरचे दचकतात, पण तो भरपाई कुणाला द्यायची यासाठी असतो. माहिती तुम्हाला समजणाऱ्या भाषेतच द्यावी लागते. हिंदी-इंग्रजी झेपत नसेल तर मराठीत मागा, भिडेखातर मान डोलावू नका. भरलेल्या संमतीपत्राची प्रतही मागून घ्या. चाचणीला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात जण लागतात, त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे आणि एक अगदी सामान्य नागरिक. शिवाय १५ जून २००९ पासून औषधचाचणी सुरू होण्याआधी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’ (सीटीआरआय) या नोंदणीत ती नोंदवणं सक्तीचं आहे. ही नोंदणी एम्सच्या शेजारी, अन्सारीनगरातूनच चालते आणि कुणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येते. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

संशोधन म्हणजे नवी गोळी आणि कंपनीचा पैसा, हेही अर्धसत्य. गुरुग्रामच्या पब्लिक हेल्थ फाउंडेशनच्या संशोधकांनी हार्ट अटॅकनंतरच्या ३,९५९ रुग्णांमध्ये चक्क योगाची चाचणी केली. लोकांना बरं वाटलं, ते कामाधामाला लवकर लागले. मृत्यू किंवा पुन्हा अटॅक टळतो, असं मात्र सिद्ध झालं नाही. तसं जाहीरही केलं, हे मला विशेष वाटतं.

राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणीत तर रुग्णांच्या नुसत्या नोंदी होत्या. ५३ रुग्णालयं, १०,८५१ रुग्ण. नव्वद दिवसांत १४.२ टक्के दगावले आणि पंपिंग कमी असलेल्यांपैकी निम्म्यांनाही शिफारस केलेली औषधं पुरेशी लिहून दिलेली नव्हती. रुग्णाचं पुढे काय झालं हे कळायला अशा कामाला सर्वांत आधी हवा असतो तो चालू फोन नंबर. गावी परतलात, सिम बदललं, तर कळवा. माणूस गेला असेल तर तेही सांगा. एरवी ती नोंद ‘संपर्क तुटला’ या रकान्यात जाते, आणि तो रकाना फुगला की सगळा निष्कर्षच लंगडा पडतो.